धसका की आजार? अपघाताला १४ महिने झाले, तरी यजमान अजून त्या घाटातच आहेत

रामबागची सून

माझे यजमान आणि धाकटे दीर १४ महिन्यांपूर्वी महेश्वरला जाण्यासाठी भल्या पहाटे इंदूरहून निघाले होते. गाडी यजमान चालवत होते. गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेला एक ट्रक मागून आला आणि त्याने आमची गाडी पुढच्या छोट्या मालवाहू गाडीवर नेऊन चेपली. पुढच्या गाडीने पेट घेतला. दीर पहिल्याच धक्क्यात बेशुद्ध झाले आणि शुद्धीवर आले ते थेट रुग्णालयात. यजमानांचा पाय मात्र पॅडलपाशी अडकला होता. मदत पोहोचेपर्यंत सुमारे ४० मिनिटे ते पूर्ण शुद्धीत होते, आणि पुढच्या गाडीचा दरवाजा आतून उघडत नाही हे त्यांना समोर दिसत होते. तो चालक वाचला नाही.

पायाचे हाड जुळले, कामावर जाणेही सुरू झाले, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी प्रकरण मिटले आहे. घरात मात्र निराळे चित्र आहे. आमच्या शयनगृहाच्या दाराची कडी त्यांनी स्वतः पेचकसाने काढून टाकली. तिचे चारही स्क्रू अजून खिडकीत एका वाटीत पडलेले आहेत. रात्री तीनच्या सुमारास ते उठतात आणि घरातले प्रत्येक दार उघडून पाहतात. गेल्या महिन्यात आम्ही पोहे खायला कोपऱ्यावरच्या दुकानात उभे होतो, तेव्हा मागे एका बसने थांबताना हवेच्या ब्रेकचा फुसकारा सोडला, आणि यजमान हातातली प्लेट टाकून थेट दुकानाच्या भट्टीमागे जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही ते आले नाहीत, कारण सभागृहाला एकच दार आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हा मनाचा कमकुवतपणा आहे की आजार, आणि आजार असेल तर त्याच गाडीत असलेले दीर खडखडीत कसे? सासूबाई म्हणतात की विषयच काढू नका, खपली काढल्याने जखम भरत नाही. मामेसासरे म्हणतात की एकदा त्याला त्याच घाटात नेऊन उभे करा, म्हणजे भीती मोडेल. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी एका समुपदेशकाने रुग्णालयात येऊन त्यांच्याकडून सगळी हकिगत सविस्तर वदवून घेतली होती, त्याचा उपयोग झाला की अपाय, हेही मला कळत नाही. झोपेसाठी सुरू केलेली गोळी ११ महिने चालू आहे. आणि शेवटचे म्हणजे, इतक्या उशिरा उपचार घेऊन काही फरक पडतो का? ऐकीव सल्ले पुष्कळ झाले. संशोधन काय सांगते ते कृपया सांगावे.


निवृत्त प्राध्यापक (चिकित्सा मानसशास्त्र)

ताई, निदान प्रत्यक्ष भेटीतच व्हायला हवे. परंतु आपण जे लिहिले आहे ते वाचून कोणताही अनुभवी चिकित्सक प्रथम पीटीएसडीचा, म्हणजे आघातोत्तर तणाव विकाराचा विचार करील. जिवावरच्या प्रसंगानंतर काही आठवडे झोप उडणे, दचकणे, तेच ते डोळ्यांपुढे येणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते आणि बहुतेकांचे ओसरतेही. म्हणूनच निदानासाठी लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात. प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा अनुभवास येणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, स्वतःविषयीच्या आणि जगाविषयीच्या भावना काळवंडणे, आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे राहणे, असे लक्षणांचे चार गट २०१३ पासून मानले जातात. आपण सांगितलेली प्लेट, स्नेहसंमेलन, दिवसभराचे मौन आणि रात्री तीनचा फेरा हे त्यांत कोठे बसते ते आपल्याला सहज दिसेल.

कमकुवतपणाच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत परतलेल्या सैनिकांना भित्रे ठरवले गेले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी त्यांच्या अवस्थेवर ‘शेल शॉक’ या नावाने लेख लिहिला, तरीही संशय गेला नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये पीटीएसडी हे निदान मान्य केले, तेव्हा लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि घटना भयंकर असली की कोणीही मोडेल असा समज झाला. तोही टिकला नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत ६०.७ टक्के पुरुषांनी आणि ५१.२ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एखादा तरी असा आघात सोसलेला आढळला, पण आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण ७.८ टक्केच होते. म्हणजे आघात आवश्यक खरा, परंतु तेवढ्याने भागत नाही.

मग उरलेले काय? मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग, जो आठवणीला स्थळ आणि काळ जोडून देतो, तो अशा रुग्णांत लहान आढळत होता, आणि सततच्या ताणाने तो आक्रसतो असे समजले जात होते. २००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या तपासल्या, ज्यांत एक भाऊ व्हिएतनाममध्ये लढला होता आणि दुसरा घरीच राहिला होता. लढून आलेल्या भावाला तीव्र विकार असेल, तर घरी राहिलेल्या, काहीही न पाहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. म्हणजे निदान काही अंशी तरी ही ठेवण आधीपासूनची असते. एखाद्याची उंची कमी असते तशी ही गोष्ट आहे. तिला कमकुवतपणा म्हणणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

आपल्या दिरांचे कोडे त्याहून सोपे असावे. अपघातात डोक्याला सौम्य मार बसलेल्या रुग्णांवर इस्रायलमध्ये २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात, ज्यांना प्रसंग आठवत होता त्यांच्यात हा विकार अधिक आढळला. बेशुद्धी हे पूर्ण कवच नव्हे, पण दिरांच्या स्मृतीत ती ४० मिनिटे नाहीत, यजमानांच्या आहेत. दोघे एका गाडीत होते, परंतु दोघांच्या बाबतीत एकच अपघात घडला असे म्हणता येणार नाही. त्यात यजमान चालक होते. ‘मी अमुक केले असते तर’ हा विचार त्यांच्या मनात असण्याची शक्यता मला फार वाटते, आणि ॲन्के एहलर्स व डेव्हिड क्लार्क यांनी २००० मध्ये मांडलेल्या उपपत्तीत आजार टिकवून धरणाऱ्या गोष्टींमध्ये प्रसंगाला आपण लावलेला अर्थ अग्रभागी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. त्याच वर्षी क्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी ७७ अभ्यास एकत्र पडताळले. त्यांत पूर्वायुष्यातील कारणांपेक्षा आघातानंतर मिळालेला वा न मिळालेला आधार आणि नंतरचे इतर ताण यांचा परिणाम अधिक ठरला.


जुना इंदूरकर (सरकारी सेवेतून निवृत्त वैद्यकीय अधिकारी)

सासूबाईंच्या खपलीविषयी दोन शब्द लिहितो. १९८५ मध्ये मी तरुण डॉक्टर म्हणून भोपाळला गॅसग्रस्त वस्तीतल्या दवाखान्यात होतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीला तेव्हा जेमतेम काही महिने उलटले होते. एक बाई दर आठवड्याला छातीची तक्रार घेऊन येत. छाती स्वच्छ असे. त्यांच्या हातात मात्र नेहमी एक ओला रुमाल असायचा आणि संध्याकाळी धुके उतरले की तो त्या नाकातोंडावर धरायच्या, बोलतानासुद्धा. मी दर वेळी खोकल्याचे औषध लिहून ‘माताजी, अब भूल जाइए’ म्हणत असे. रुमालाविषयी मी एकदाही विचारले नाही.

त्याला कारणही होते. आम्ही वापरत असलेल्या रोगांच्या वर्गीकरणात पीटीएसडी हे नावच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते १९९२ च्या दहाव्या आवृत्तीत आले. त्यामुळे भोपाळच्या कागदपत्रांत उदासीनता, चिंता अशी निदाने दिसतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञांनी १९८५ मध्ये आम्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले, तेव्हा रुग्णाला त्या रात्रीविषयी विचारायला मी शिकलो. त्यानंतर त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मी रुमालाबद्दल विचारले. त्या बराच वेळ बोलल्या आणि जाताना प्रथमच औषध न मागता गेल्या. बऱ्या झाल्या असा माझा दावा नाही. पण विषय न काढल्याने त्यांचे विसरणे झाले नव्हते, माझेच झाले होते.


मनोवैद्यक, इंदूर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त ‘बोलते करणे’ या मुद्द्याला एक मोठी पुरवणी जोडतो, नाहीतर उद्या कोणी उत्साहाच्या भरात कोणाला पकडून हकिगत वदवून घेईल.

आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, सगळे सविस्तर सांगायला लावायचे आणि त्याने पुढचा आजार टळेल असे मानायचे, ही पद्धत १९८० च्या दशकात फार लोकप्रिय झाली. ती सद्‌हेतूने सुरू झाली होती आणि ज्यांनी ती घेतली त्यांतील बरेच जण समाधानीही असत. पण समाधान आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्सफर्डमध्ये रस्ता अपघातातील जखमींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून एका गटाला अशी बैठक दिली गेली आणि दुसऱ्याला दिली गेली नाही. तीन वर्षांनंतरची तपासणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना सुरुवातीला आठवणींचा त्रास फार होता, त्यांच्यापैकी बैठक न मिळालेले बऱ्यापैकी सावरले होते आणि बैठक मिळालेले होते तिथेच होते. कार्डिफमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या १९९७ च्या अभ्यासात १३ महिन्यांनंतर बैठक घेतलेल्या २६ टक्के रुग्णांना विकार होता, न घेतलेल्या ९ टक्क्यांना. जागतिक पातळीवरच्या मार्गदर्शक सूचना आता ही पद्धत नको असेच सांगतात. ताई, आपल्या बाबतीत त्या बैठकीनेच अपाय केला असे एका रुग्णावरून म्हणता येणार नाही, आणि त्या समुपदेशकाविषयी मनात राग धरण्याचेही कारण नाही.

आता मामेसासऱ्यांच्या सल्ल्याविषयी. त्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. टाळत राहिल्याने भीती ताजी राहते हे खरे. सामोरे गेल्याने ती ओसरते हेही खरे. एड्ना फोआ यांची प्रदीर्घ सामोरे जाण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे आणि तिच्यामागे भक्कम पुरावा आहे. पण तीत साधारण ८ ते १५ बैठका असतात, प्रत्येक बैठक सुमारे ९० मिनिटांची, आणि पायऱ्या रुग्णाच्या संमतीने ठरतात. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत भर अपराधीपणाच्या आणि अविश्वासाच्या विचारांची उलटतपासणी करण्यावर असतो. ती साधारण १२ बैठकांची असते आणि आपल्या यजमानांना, चालक असल्यामुळे, कदाचित तीच अधिक लागू पडेल. एखाद्याला फसवून वा ओढून घाटात उभे करणे हा यांपैकी कोणताच उपचार नाही. तसे केल्यास यजमान घाटाबरोबर मामांनाही टाळू लागतील.

गोळीचे नाव आपण लिहिले नाही ते बरेच झाले, पण ती अल्प्राझोलाम वा क्लोनाझेपामच्या जातीची असेल तर ऐका. या गोळ्यांनी त्या रात्रीपुरती झोप येते. पीटीएसडीवर त्यांचा गुण आल्याचे दिसलेले नाही, सवय मात्र लागते, आणि भीती ओसरण्याच्या शिकण्यात त्या अडथळा आणतात असे मानले जाते. मात्र ११ महिन्यांनंतर ती एकदम बंद करणे हा याहून मोठा धोका आहे. झटकेसुद्धा येऊ शकतात. मात्रा हळूहळू उतरवण्याचे वेळापत्रक डॉक्टरांनीच आखावे. ज्या औषधांना पुरावा आहे ती नैराश्याच्या गोळ्यांमधली आहेत: सरट्रालीनला अमेरिकेत १९९९ मध्ये आणि पॅरॉक्सेटीनला २००१ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. त्यांचा परिणाम मध्यम आहे, आणि मिळत असेल तेथे मानसोपचार आधी, असा माझा स्वतःचा क्रम आहे. दुःस्वप्नांसाठी प्राझोसीनवर बरीच आशा होती, परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

उशिराविषयी. प्राध्यापकांनी उल्लेख केलेल्या १९९५ च्या पाहणीतच हेही पाहिले होते: उपचार घेतलेल्यांत निम्म्या जणांची लक्षणे जायला ३६ महिने लागले, न घेतलेल्यांत ६४. एक तृतीयांशाहून अधिक जणांची लक्षणे बऱ्याच वर्षांनीही पूर्ण गेली नव्हती, म्हणजे काळ हे सर्वांसाठी औषध नाही. शरीरावरही याचा भार पडतो. व्हिएतनामकाळातील जुळ्या भावांच्याच एका अभ्यासात, २०१३ मध्ये, हा विकार असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. १४ महिने म्हणजे फार उशीर झाला असे मुळीच नाही. दशके उलटलेले माजी सैनिकही या उपचारांनी सुधारलेले आहेत. लगेच कोणाशी बोलायचे झाल्यास सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.


खालचा बर्थ

मी तज्ज्ञ नाही. २० नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे कानपूरजवळ पुखरायां येथे इंदूर–पाटणा एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि सुमारे १५० माणसे गेली, त्या गाडीत मी होते. मला दीड वर्षाने उपचार मिळाले. त्यात नेमके काय होते हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

डोळे मिटून, वर्तमानकाळात, ‘मी झोपले आहे, डबा हलतो आहे’ असे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचे. ते फोनवर ध्वनिमुद्रित व्हायचे आणि मी घरी रोज संध्याकाळी ते ऐकायचे. पहिल्या आठवड्यात मी ते ऐकताना न्हाणीघरात जाऊन ओकले होते. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तिसऱ्या बैठकीत उपचार करणाऱ्या बाईंच्या लक्षात आले की मी दर वेळी एक जागा गाळते. समोरच्या बर्थवरची एक स्त्री पाणी मागत होती आणि मी दिले नाही, ती जागा. त्यांनी मला तिथेच थांबवले आणि त्या क्षणी माझा उजवा हात कुठे आहे, डावा कुठे आहे, अंगावर काय आहे, काय दिसते आहे, असे विचारत गेल्या. तो भाग बऱ्याच वेळा सांगितल्यानंतर एके दिवशी मी माझ्याच तोंडून ऐकले की बर्थची साखळी माझ्या दंडात रुतलेली आहे आणि माझी बाटली कुठेच नाही. दीड वर्ष मी स्वतःला ‘दिले नाही’ असे म्हणत होते. देता येण्यासारखे काही नव्हतेच. हे मला शंभर जणांनी आधी सांगितले होते, पण ते मला पटले ते त्या दिवशी.

मी आता गाडीने प्रवास करते. खालचाच बर्थ घेते, एवढे राहिले आहे.


रामबागची सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही उत्तरे मी यजमानांना वाचायला दिली. पहिले त्यांनी वाचून बाजूला ठेवले. शेवटचे दोनदा वाचले आणि म्हणाले, “माझ्या गाडीच्या डिकीत टॉमी (चाक काढायची लोखंडी दांडी) होती. तिने काच फुटली असती.” १४ महिन्यांत हे वाक्य मी प्रथमच ऐकले. पाय अडकलेला असताना डिकीपर्यंत कसे जाणार होता, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण मी ते बोलले नाही. फक्त “बरं” म्हटले आणि शेजारी बसून राहिले. चुकले का? मनोवैद्यकांनी सांगितल्याप्रमाणे सोमवारची वेळ घेतली आहे आणि गोळी तोवर बदललेली नाही.

दोन शंका राहिल्या आहेत. एका मैत्रिणीने डोळे डावी-उजवीकडे हलवण्याचा उपचार सुचवला आहे, तो खरा की चमत्कार? आणि दाराची कडी पुन्हा बसवू का?


निवृत्त प्राध्यापक (चिकित्सा मानसशास्त्र)

चुकले नाही. साखळीची गोष्ट त्या ताईंना स्वतःच्या तोंडून कळली; टॉमीचीही तशीच कळू द्या. ते वाक्य मात्र जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवा आणि सोमवारी, त्यांची हरकत नसेल तर, चिकित्सकांना दाखवा. कित्येक बैठकांनंतर जे हाती लागते ते आपल्याकडे आजच आहे.

डोळे हलवण्याच्या उपचाराला ईएमडीआर म्हणतात. फ्रान्सिन शपिरो यांनी तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस आहे, तेव्हा तो थोतांड नक्कीच नाही. त्यात गुण डोळे हलवण्याचा की त्या वेळी प्रसंग मनात आणण्याचा, यावर आम्हा मंडळींत वाद चालूच आहे. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. रीतसर प्रशिक्षण घेतलेला चिकित्सक असेल तर यांपैकी कोणतीही पद्धत चालेल.

कडी तूर्त बसवू नका आणि ती वाटी खिडकीतून हलवूही नका. उपचारांत अवघड गोष्टींची चढत्या क्रमाची यादी करावी लागते, आणि दार नुसते लोटून झोपणे, मग कडी बसवून उघडी ठेवणे, मग दहा मिनिटांपुरती लावणे, अशा पायऱ्या तिच्यात सहज बसतील. स्क्रू मात्र त्यांनाच लावू द्या, काढले त्यांनीच आहेत.